रॅशनल म्हणजे नक्की काय? ज्याचा हिशोब लागतो ते!

"जरा रॅशनल विचार कर ना" हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की आता तो शब्द मराठीच वाटायला लागलाय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ "रडारड बंद कर आणि मी सांगतो ते ऐक" एवढाच असतो. भांडणात जो शांत आवाजात बोलतो तो रॅशनल, ज्याचा आवाज चढला तो इमोशनल, असं एक समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय. मला हे कधीच पटलं नाही, कारण शांत आवाजात ठार मूर्खपणा बोलणारी माणसं मी भरपूर बघितलीत (मी पण त्यातलाच एक, कधीकधी). म्हणून एकदा हा शब्द मुळापासून शोधायला घेतला तर तो निघाला थेट जमाखर्चाच्या वहीतून, आणि एकदा ते कळलं की या शब्दाचा बराचसा गोंधळ आपोआप सुटतो.

तर सुरुवात लॅटिनपासून. लॅटिनमध्ये एक क्रियापद आहे, रेरी, म्हणजे मोजणे, हिशोब करणे, आणि त्यावरूनच मानणे, समजणे. त्याच्यापासून नाम झालं रातिओ. आता डिक्शनरीत रातिओचे अर्थ बघितले तर डोकं गरगरतं, हिशोब, खातं, प्रमाण, पद्धत, कारण, बुद्धी, सगळं एकाच शब्दात कोंबलेलं. पण क्रम लक्षात ठेवला की सोपं जातं: आधी हिशोब, मग हिशोब मांडायची पद्धत, मग ती पद्धत ज्या शक्तीमुळे जमते ती शक्ती, म्हणजे बुद्धी.

आणि हे नुसतं शब्दकोशातलं नाही बरं का. रोमन बादशहाच्या दरबारात पैशाचा सगळा कारभार बघणाऱ्या माणसाच्या पदाचं नावच होतं आ रातिओनिबुस, म्हणजे शब्दशः 'हिशोबांचा'. क्लॉडियस बादशहाच्या काळात (इ.स. 41 ते 54) या जागेवर पॅलस नावाचा माणूस होता, मूळचा गुलाम, पुढे मुक्त झालेला, आणि बादशहाचा हिशोब सांभाळता सांभाळता स्वतःच अफाट श्रीमंत झालेला. पुढच्या शतकांत तर अशा खजिन्याच्या अधिकाऱ्यांना सरळ रातिओनालिस म्हणायला लागले. हाच तो शब्द, ज्याचं इंग्रजीत रॅशनल झालं! म्हणजे तिसऱ्या शतकातल्या रोममध्ये तुम्ही एखाद्याला "तो रॅशनल आहे" म्हणाला असतात तर समोरच्याने विचारलं असतं, कुठल्या खात्याचा?

गंमत म्हणजे त्याच पॅलसच्या पिढीत, त्याच रोममध्ये तत्त्वज्ञ सेनेका बसून पत्रं लिहीत होता आणि त्यात त्याने लिहून ठेवलंय की माणूस हा 'रातिओनाले' प्राणी आहे, म्हणजे बुद्धी असलेला. एकाच शहरात एकाच वेळी एकीकडे रातिओ हा शब्द खजिन्यात राबत होता आणि दुसरीकडे माणसाची व्याख्या करत होता.

आता प्रश्न असा की हिशोब आणि विचार यांचा संबंध काय? याचं सगळ्यात सरळ उत्तर मला इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जकडे सापडलं. 1651 साली आलेल्या त्याच्या 'लेव्हायथन'मध्ये तो म्हणतो की लॅटिन लोक पैशाच्या हिशोबाला रातिओनेस म्हणायचे, हिशोबाच्या वहीतल्या एकेका नोंदीला नोमिना म्हणजे 'नावं' म्हणायचे, आणि तिथूनच त्यांनी तो शब्द बाकी सगळ्या गोष्टींच्या हिशोबाला लावला असावा. मग तो पुढे जाऊन सरळ म्हणतो की विचार करणं म्हणजे बेरीज-वजाबाकीच, फक्त आकड्यांची नाही तर नावांची. 'प्राणी' मध्ये 'बोलणारा' मिळवा, 'माणूस' येतो, असल्या प्रकारची. तुम्ही म्हणाल विचार काय इतका सोपा असतो का, नसतोच, पण माणूस हे 1651 मध्ये बोलतोय आणि आज आपण ज्याला कॉम्प्युटर म्हणतो ती वस्तू नेमकं हेच करते हे बघितलं की जरा थांबायला होतं.

पण मला यात बेरीज-वजाबाकीपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हिशोबाची वही असते कशासाठी? दुसऱ्याला दाखवण्यासाठी. मनातल्या मनात केलेला हिशोब हा हिशोब नाही, तो अंदाज. वहीत नोंद असते, तारीख असते, दुसरा कुणीही माणूस ती वही उघडून तीच बेरीज पुन्हा करू शकतो आणि चूक असेल तर बोट ठेवू शकतो. लॅटिनमध्ये रातिओनेम रेद्देरे असा वाक्प्रचार होता, हिशोब देणे. बायबलच्या लॅटिन भाषांतरात एक गोष्ट आहे ज्यात मालक आपल्या कारभाऱ्याला बोलावून म्हणतो, तुझ्या कारभाराचा हिशोब दे, तिथे हेच शब्द आहेत. आणि मग दीड हजाराच्या आसपास वर्षं गेल्यावर जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझ (1646 ते 1716) हाच वाक्प्रचार उचलतो आणि म्हणतो की जगातल्या प्रत्येक गोष्टीचं काहीतरी पुरेसं कारण देता आलं पाहिजे, आणि त्या तत्त्वाच्या लॅटिन नावातच 'हिशोब देण्याचं तत्त्व' असे शब्द येतात. मालक कारभाऱ्याला विचारतो ते लायबनिझ अख्ख्या विश्वाला विचारतोय. आपल्याकडे याला फक्कड शब्द आहे, जाब. जाब विचारणे, जाब देणे. तर रॅशनल माणूस म्हणजे थंड डोक्याचा माणूस नव्हे, ज्याला जाब विचारला तर देता येतो तो. मग तो देताना रडत असला तरी चालेल.

इथे एक गोष्ट लक्षात आली आणि मी बराच वेळ खुश होतो. मराठीने हे सगळं आधीच करून ठेवलंय! आपण म्हणतो ना "त्या हिशोबाने बघितलं तर तूच चुकलास", इथे कुठले पैसे आहेत? हिशोब म्हणजे सरळसरळ लॉजिक. इंग्रजीत अशाच ठिकाणी म्हणतात 'अ‍ॅट दॅट रेट', आणि तो रेट हा शब्द पण रातिओच्याच घरातला, रेरीच्या पोटचा. गणणे घ्या, मोजणे असा अर्थ, पण "त्याला शहाण्यात गणत नाहीत" यात मोजायला काय आहे. संस्कृतातला कल् हा धातू मोजण्याचा, त्यातूनच गणितातलं संकलन म्हणजे बेरीज आणि व्यवकलन म्हणजे वजाबाकी, आणि त्यातूनच आकलन, आणि आपलं रोजचं 'कळणं' पण त्याच कल् वरून. सांख्य दर्शनाचं नाव तर उघडच संख्येवरून आलंय, मोजून, तत्त्वं एकेक वेगळी काढून विचार करणारे ते सांख्य. म्हणजे मोजणं आणि समजणं यांची गाठ रोमन लोकांनीच मारली असं अजिबात नाही. फरक एवढाच की मराठीत 'हिशोबी माणूस' म्हटलं की लगेच तो कंजूष, आतल्या गाठीचा असा वास येतो. रॅशनललाही हल्ली तोच वास यायला लागलाय, नाही का?

बाकी खानदान पटकन सांगतो. रातिओ फ्रेंचमधून फिरून आला तो रीझन झाला, म्हणून रीझन म्हणजे कारण पण आणि बुद्धी पण. सरळ लॅटिनमधून उचलला तो रेशो, आपलं गुणोत्तर. सैनिकाला मोजून दिलेला वाटा तो रेशन. मोजून पक्कं ठरवलं की रॅटिफाय. हंड्रेडमधला शेवटचा 'रेड' हा तुकडासुद्धा मोजणी याच अर्थाचा, म्हणजे 'शंभराची मोजणी', आणि तो याच कुळातला जर्मॅनिक चुलत भाऊ. त्याच बाजूचा रीड म्हणजे वाचणे, ज्याचा जुना अर्थ सल्ला देणे, उलगडा करणे असा होता, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं संस्कृतातल्या राध् शी लावतात, आराधनेतला राध्. शंभर, वाचन, रेशन आणि आराधना एका घरात, असो.

आता खरी मजा, गणित. शाळेत रॅशनल नंबर आणि इररॅशनल नंबर आले तेव्हा ज्यांनी ते इंग्रजीत शिकलं त्यातल्या अनेकांना वाटलं असणार की हे नंबर शहाणे आणि ते वेडे आहेत का. मराठी पुस्तकात हा घोळ नाही, परिमेय म्हणजे मोजता येण्यासारखी, अपरिमेय म्हणजे तशी न मोजता येणारी, स्वच्छ शब्द. इंग्रजीतला घोळ ग्रीकांपासून आला. ग्रीकमध्ये लोगोस हा शब्द रातिओपेक्षाही ऐसपैस, बोलणं, कारण, हिशोब, गुणोत्तर, सगळं, आणि लॉजिक हा शब्द त्याच्यावरूनच आलाय. ज्या लांबीचं गुणोत्तर पूर्ण आकड्यांत मांडता येत नाही तिला ते म्हणायचे अलोगोस, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ मुका, बुद्धी नसलेला. (आजच्या ग्रीक भाषेत घोड्याला आलोगो म्हणतात, म्हणजे बिचारा 'बिनबुद्धीचा' प्राणी, नाव तेच चिकटून राहिलं.) लॅटिनवाल्यांनी अलोगोसचं केलं इर्रातिओनालिस, आणि तिकडे अरबी गणितज्ञांनी अशा संख्यांना 'बहिरी' म्हटलं, ते लॅटिनमध्ये गेलं सुर्दुस म्हणून, आणि तेच इंग्रजीतलं सर्ड. एकाच्या मते मुकी, दुसऱ्याच्या मते बहिरी. आणि मराठीत सर्डला काय म्हणतात? करणी! हा शब्द शुल्बसूत्रांच्या (यज्ञवेदी आखायच्या भूमितीचे जुने संस्कृत ग्रंथ) काळापासूनचा आहे, द्विकरणी म्हणजे दुप्पट क्षेत्रफळ करून देणारी बाजू, पण बोलीभाषेत "कुणीतरी करणी केली" म्हणजे जादूटोणा, त्यामुळे मराठीत ही संख्या दोन्ही अर्थांनी इररॅशनल ठरते.

ही करणी जवळून बघण्यासारखी आहे. एक चौरस घ्या, बाजू 1. त्याचा कर्ण किती? पायथागोरसच्या नियमाने ज्याचा वर्ग 2 येतो तेवढा. आता हा अपूर्णांकात लिहून बघू. 7 भागिले 5 घेतलं, 7 चा वर्ग 49, आणि 5 च्या वर्गाची दुप्पट 50. एकाने हुकलं. 17 भागिले 12, वर्ग 289, तिकडे दुप्पट 288, परत एकाने हुकलं, या वेळी दुसऱ्या बाजूने. 41 भागिले 29, 1681 आणि 1682. 99 भागिले 70, 9801 आणि 9800. बौधायनाच्या शुल्बसूत्रात जी किंमत दिलीय ती एकत्र केली तर येते 577 भागिले 408, तिचे वर्ग बघा, 332929 आणि 332928, तिथेही एकानेच हुकतं! आकडे लाखांत गेले तरी तो एक काही सुटत नाही, अगदी वहीत एक रुपया जुळत नाही म्हणून रात्रभर बसलेल्या कारकुनासारखं होतं.

आणि तो कधीच जुळणार नाही हे सिद्ध करायला चार ओळी पुरतात. समजा जुळला, आणि अपूर्णांक आपण शक्य तितका लहान करून घेतलाय, म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही आकडे एकदम सम नाहीत. वरच्याचा वर्ग म्हणजे खालच्या वर्गाची दुप्पट, म्हणजे तो सम, म्हणून वरचा आकडाही सम. वरचा सम म्हणजे त्याच्या वर्गाला 4 ने भाग जातो, मग खालच्याच्या वर्गाला 2 ने भाग जाणार, म्हणजे खालचाही सम. पण आपण तर म्हणालो होतो दोन्ही सम नाहीत! झालं, सुरुवातीचं 'समजा'च खोटं. आता यात बघा, संख्या इररॅशनल आहे पण ती इररॅशनल का आहे याचा जाब मात्र शंभर टक्के रॅशनल आहे, कुणीही वही उघडून तपासून घ्यावं.

इथून पुढे लोक जे तीन शब्द एकमेकांत मिसळतात ते वेगळे करायला सोपं जातं, लॉजिकल, रॅशनल आणि रीझनेबल. लॉजिकल म्हणजे फक्त एका ओळीवरून दुसरी ओळ नीट निघते का. "सगळे मासे उडतात, देवमासा हा मासा आहे, म्हणून देवमासा उडतो" हे पूर्णपणे लॉजिकल आहे हो, साखळी घट्ट आहे, फक्त सुरुवातीच्या दोन्ही कड्या सडक्या आहेत. रॅशनलला तेवढ्यावर सुटता येत नाही, त्याला "मुळात हे तू का मानलंस" याचाही हिशोब द्यावा लागतो, आणि तुला जे हवंय त्याच्याशी तुझं वागणं जुळतं का याचाही. पण मुळात काय हवं असावं हे मात्र रॅशनल असणं सांगत नाही. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने 1739 मध्ये हे फार टोकाचं उदाहरण देऊन लिहिलंय, की माझ्या बोटाला ओरखडा येण्यापेक्षा सगळं जग नष्ट झालेलं मला चालेल असं कुणी म्हटलं तर ते बुद्धीच्या विरुद्ध नाही. ऐकायला भयंकर, पण मुद्दा बरोबर. हिशोबाची वही खर्च जुळवून देते, खर्च कशावर करायचा ते सांगत नाही.

आणि रीझनेबल? तिथे समोरचा माणूस येतो. 1982 मध्ये जर्मनीत अर्थशास्त्रज्ञ वर्नर ग्यूट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक खेळ लावला, जो पुढे जगभर खेळला गेला. दोन अनोळखी माणसं, वाटून घ्यायची ठराविक रक्कम, समजा 100 भाग. पहिला ठरवणार की दुसऱ्याला किती द्यायचे. दुसऱ्याने हो म्हटलं तर तसे पैसे वाटले जाणार, नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने पहिल्याने 1 द्यावा आणि दुसऱ्याने तो मुकाट घ्यावा, कारण 1 हा शून्यापेक्षा जास्त. प्रत्यक्षात पहिले लोक बरेचदा 40, 50 देतात, आणि अगदीच क्षुल्लक वाटा पुढे केला तर दुसरे लोक सरळ धुडकावतात, गेला तुझाही पैसा आणि माझाही. ते इररॅशनल झाले का? फक्त पैसा मोजायचा असेल तर हो. पण त्यांच्या वहीत अपमानाचाही एक रकाना होता जो अर्थतज्ज्ञाने आखलाच नव्हता, असं मला तरी वाटतं. मराठीत रीझनेबलला माझ्या मते सगळ्यात जवळचा शब्द रास्त. आणि रॅशनलला विवेकी म्हणतात ते मला आवडतं, कारण विवेक हा पण हाताने करायच्या कामातून आलेला शब्द, विच् म्हणजे वेगळं करणे, धान्य पाखडून फोल एकीकडे आणि दाणा एकीकडे.

सगळ्यात चावट नातेवाईक मात्र शेवटी ठेवलाय, रॅशनलाइझ करणे. दिसायला वाटतं की गोष्ट रॅशनल करणे, म्हणजे चांगलंच काम असणार. गणितात ते खरंच तसं आहे, छेदात करणी आली की वर-खाली गुणून ती काढून टाकायची, छेदाचं परिमेयीकरण, साफसफाई. पण 1908 मध्ये अर्नेस्ट जोन्स या मानसोपचारतज्ज्ञाने हाच शब्द माणसांना लावला आणि अर्थ पार फिरला: आधी काहीतरी करून टाकायचं, त्याचं खरं कारण स्वतःलाही माहीत नसतं, आणि मग विचारल्यावर झटपट एक बरं दिसणारं कारण तयार करायचं. म्हणजे खर्च करून झाल्यावर बिलं बनवणं. आणि वाईट हे की बनवणाऱ्याला वाटतं ती खरीच आहेत.

1977 मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी छापलेला एक प्रयोग मी कुणालाही सांगताना थांबू शकत नाही. टेबलावर पायमोज्यांच्या चार जोड्या ओळीने मांडल्या आणि 52 लोकांना विचारलं, यातली सगळ्यात चांगल्या क्वालिटीची कुठली. चारही जोड्या अगदी सेम टू सेम होत्या, हे अर्थात सांगितलं नव्हतं. डावीकडून पहिली निवडली 12 टक्क्यांनी, दुसरी 17, तिसरी 31, आणि एकदम उजवीकडची 40 टक्क्यांनी. नुसत्या जागेचा परिणाम. पण का निवडली विचारल्यावर लोकांनी कारणं दिली ती मालाची, वीण, पोत वगैरे, आणि जागेमुळे निवडली असेल का असं थेट विचारलं तर जवळजवळ सगळ्यांनी साफ नाकारलं, वर प्रश्न विचारणाऱ्याकडेच संशयाने बघितलं. शांत आवाजात, मुद्देसूद, एकही जण रडला नाही, आणि नसलेल्या फरकाचा हिशोब मात्र बहुतेकांकडे तयार होता.

आणि हो, याच शब्दाचा एक तिसरा अर्थ कंपन्यांमध्ये चालतो. तिथे "आम्ही स्टाफचं रॅशनलायझेशन करतोय" असा मेल आला की समजायचं, माणसं कमी होणार. दोन हजार वर्षं तत्त्वज्ञांच्या घरी राहून शब्द परत खजिनदाराच्या टेबलावर येऊन बसला, फक्त यावेळी जाब विचारायची सोय नाही, कारण त्या मेलला रिप्लाय करता येत नाही.